गोवर येऊन गेला, पण त्याचा कागद?

डॉक्टर, सप्रेम नमस्कार.

मी सांगलीहून लिहिते आहे. माझी मुलगी (जन्म मार्च २००४) एम.एस. करायला अमेरिकेला चालली आहे. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात विमान आहे. व्हिसा झाला, बॅगा आल्या, आणि आता विद्यापीठाकडून लसीकरणाचा फॉर्म आलाय.

तिला पहिलीत असताना गोवर निघाला होता आणि दुसरीत कांजिण्या. दोन्ही वेळा सगळं सासूबाईंनीच केलं. गोवराच्या वेळी गल्लीतल्या डॉक्टरांना दाखवलं होतं, ते आता हयात नाहीत. लहानपणीचं लसीकरणाचं कार्ड २०१९ च्या पुरात कपाटासकट गेलं. फॉर्म म्हणतो, गोवर, गालगुंड आणि रुबेलासाठी एमएमआरचे दोन डोस दाखवा, नाही तर रक्ताची तपासणी दाखवा. कांजिण्या मात्र होऊन गेल्या असं डॉक्टरांनी सहीनिशी लिहिलं तरी चालतं. हा कुठला न्याय?

यजमानांचं म्हणणं, होऊन गेलेल्या रोगाची लस घ्यायचीच नाही. ते २०२१ मध्ये कल्याणला नोकरीला होते. एप्रिलमध्ये कोविड झाला, अँटिबॉडीचा रिपोर्ट खिशात होता, तरी दोन डोस होईपर्यंत लोकलचा पास मिळाला नाही. तो राग अजून गेलेला नाही. शेजारचे म्हणतात, ओळखीच्या डॉक्टरकडून मागच्या तारखा टाकून शिक्का मारून घ्या. लेक म्हणते, दोन सुया टोचून घेते आणि विषय संपवते. मला भीती वाटते ती वेगळीच. एकदा गोवर झालेल्या अंगात पुन्हा गोवराचीच लस गेली तर ती उलटणार नाही ना?

— एक आई, सांगली

*

ताई,

लेकीचं ऐका. एवढं लिहून थांबलो असतो, पण तुमच्या घरात या एका फॉर्मवर चार मतं आहेत आणि त्यातली तीन थोडीथोडी बरोबर आहेत. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी तुमची भीती. लस उलटत नाही. एमएमआरमध्ये जिवंत पण अशक्त केलेले विषाणू असतात. अंगात गोवराविरुद्धची ताकद आधीच असेल तर ती या पाहुण्यांना दारातच अडवते. दंड दुखेल, एखाद्या दिवशी कणकण येईल, तीसुद्धा बहुधा येणार नाही. आधी गोवर झालाय की नाही हे न तपासता एमएमआर द्यायला जगभर परवानगी आहे, ती याच कारणाने. काळजी घ्यायची ती दुसऱ्याच बाबतीत. गरोदरपणात ही लस देत नाहीत आणि घेतल्यावर चार आठवडे गर्भधारणा टाळायची असते. स्टिरॉइडचे मोठे डोस चालू असतील किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं असतील तरी देत नाहीत. लेकीच्या बाबतीत यातलं काही असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा.

आता यजमान. गोवराच्या बाबतीत त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे, आणि त्याला जवळजवळ पावणेदोनशे वर्षांचा पुरावा आहे. १८४६ मध्ये उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर गोवराची साथ आली. पावणेआठ हजारांच्या वस्तीत सहा हजार लोक आजारी पडले. डेन्मार्क सरकारने पीटर पानुम नावाच्या तरुण डॉक्टरला तिथे पाठवलं. त्याला एक विलक्षण गोष्ट दिसली. त्याआधीची साथ १७८१ मध्ये येऊन गेली होती, म्हणजे ६५ वर्षांपूर्वी. त्या साथीत लहानपणी गोवर झालेली जी म्हातारी माणसं त्याला भेटली, त्यांच्यातल्या एकालाही या वेळी गोवर झाला नाही. मधली ६५ वर्षं बेटांवर गोवर नव्हता, तरी शरीर विसरलं नव्हतं. तेव्हा गोवर आयुष्यात एकदाच, हा आपल्याकडचा जुना समज बरोबर आहे. त्यावर मी यजमानांशी वाद घालणार नाही.

माझा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. पहिलीतल्या त्या आठवड्यात जो आला, तो गोवरच होता का?

रागावू नका. माझ्या दवाखान्यात ताप आणि अंगावर पुरळ घेऊन आलेल्या मुलांच्या आयांनी 'गोवर निघालाय' असं सांगितलं नाही, असं फार क्वचित झालं असेल. त्यातले काही खरोखर गोवर असत. बाकी रुबेला, डेंगी, एखाद्या औषधाची अ‍ॅलर्जी, नाही तर नावही न कळणारा एखादा विषाणू, जो चार दिवसांत आपला आपण गेला. मी स्वतः केसपेपरवर 'गोवर' लिहून नंतर मनातल्या मनात खोडलेलं आहे. शिवाय २००४ च्या मुलांना नवव्या महिन्यात गोवराची लस सरकारी दवाखान्यातही मिळत होती, १९८५ पासून ती कार्यक्रमात आहे. तुमच्या लेकीला ती दिली असेलच. नवव्या महिन्यातला एक डोस साधारण ८५ टक्के मुलांना वाचवतो, म्हणजे लस घेऊनही गोवर होऊ शकतो हे खरं. पण पहिलीतलं ते पुरळ दुसऱ्या कशाचं असण्याचा संशयही त्यामुळे वाढतो. आता ना ते डॉक्टर आहेत, ना तो केसपेपर.

आता तुमचा न्यायाचा प्रश्न, जो मला पत्रातला सगळ्यात चांगला प्रश्न वाटला. कांजिण्यांना डॉक्टरचा शब्द चालतो आणि गोवराला का नाही? कारण कांजिण्या सहसा चुकत नाहीत. एकाच वेळी अंगावर लाल ठिपके, पाण्याचे फोड आणि सुकलेल्या खपल्या, तिन्ही शेजारीशेजारी, हे चित्र दुसरा कुठलाच नेहमीचा आजार काढत नाही. ते आजीला कळतं, शिकाऊ डॉक्टरलाही कळतं. वर खाजवलेल्या फोडांचा एखादा खड्डा कपाळावर नाही तर पाठीवर जन्मभर राहतो. गोवर मात्र येतो आणि अंग धुतल्यासारखा जातो, खूण ठेवत नाही. अमेरिकेतही २०१३ पर्यंत गोवर आणि गालगुंड झाल्याचं डॉक्टरचं निदान पुरावा म्हणून धरत. पुढे तिथे हे आजार इतके विरळ झाले की ते ओळखायची नजरच डॉक्टरांकडे उरली नाही. मग तिथल्या रोग नियंत्रण केंद्राने नुसत्या निदानाचा कागद बाद केला. प्रयोगशाळेत सिद्ध झालेला आजार किंवा रक्तातली प्रतिकारशक्ती मात्र मोजली जाते.

म्हणजे तो फॉर्म तुमच्या लेकीची नैसर्गिक प्रतिकारशक्ती नाकारत नाही. तो फक्त ती दाखवा म्हणतो. यजमानांना हे जरूर वाचून दाखवा. आणि एक गंमत. अमेरिकेत १९५७ पूर्वी जन्मलेल्यांना गोवर होऊन गेलाच असणार असं सरसकट गृहीत धरतात, कारण लस येण्यापूर्वीच्या त्या काळात गोवर कुणालाच सोडत नसे. तुमच्या सासूबाई त्या वयाच्या असतील तर उद्या त्यांनी त्याच विद्यापीठात नाव घातलं तरी त्यांच्याकडे एमएमआर बहुधा कोणी मागणार नाही.

आपल्याकडेही ही कल्पना परकी नाही. इंग्रज सरकारने १८८० मध्ये देवीच्या लसीचा कायदा केला, शहरांमधल्या आणि छावण्यांमधल्या मुलांसाठी. त्यात कोणतं मूल 'असंरक्षित' याची व्याख्या आहे. ज्याला देवी येऊन गेल्या ते मूल त्या व्याख्येत बसतच नाही, त्याला लसीची सक्ती नाही. तेव्हा रक्ततपासणी नव्हती, पण तिची गरजही नव्हती. देवीचे वण तोंडावर असत. सरकारी माणसाने नुसतं बघितलं की काम झालं. पुरावा चेहऱ्यावर छापलेला असे, पुरातही वाहून जात नसे.

यजमानांच्या कोविडच्या रागाबद्दल मला सहानुभूती आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईच्या लोकलमध्ये सर्वसामान्यांना घेतलं ते दोन डोस आणि त्यावर चौदा दिवस झाले तरच. आजारातून उठलेल्यांसाठी वेगळी खिडकी नव्हती. युरोपात त्याच उन्हाळ्यात बरे झाल्याचं प्रमाणपत्र मिळत होतं, १८० दिवस चालणारं. म्हणजे यजमान मागत होते ती गोष्ट जगात अशक्य नव्हती. आपल्या सरकारनेही बरे झालेल्यांना लस तीन महिने पुढे ढकला असं मे २०२१ मध्ये सांगितलं होतंच, तेव्हा आजाराने येणारी ताकद कोणी खोटी ठरवली नव्हती. पुढे मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोणालाही लस घ्यायची जबरदस्ती करता येणार नाही असं म्हटलं आणि लस न घेतलेल्यांवरची बंधनं त्या वेळच्या परिस्थितीत समर्थनीय नाहीत असंही नोंदवलं.

पण कल्याण स्टेशनच्या खिडकीतल्या माणसाच्या जागी बसून बघा. जून-जुलै २०२१ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशभर रक्ताचे नमुने तपासले, तर ६७.६ टक्के लोकांत अँटिबॉडी निघाल्या. लस अजिबात न घेतलेल्यांतही साधारण ६२ टक्के. देशात तपासणी होऊन नोंद झालेले रुग्ण तेव्हा तीन कोटींच्या आसपास. म्हणजे कोविड झालेल्या बहुसंख्य माणसांकडे तो झाल्याचा एक चिटोरासुद्धा नव्हता. यजमानांकडे रिपोर्ट होता, शेजारच्या रांगेतल्या भाजीवाल्याकडे नव्हता, प्रतिकारशक्ती दोघांकडे सारखीच. शिवाय कोविड म्हणजे गोवर नव्हे. गोवराचा विषाणू आजही मुळात तोच आहे, कोविडचा वर्षाला वेश बदलतो. त्याच डिसेंबरात ओमिक्रॉन आला आणि एकदा होऊन गेलेल्यांना, दोन डोसवाल्यांना, सगळ्यांना चिकटला. कल्याणचा हिशेब सांगलीत या फॉर्मवर मांडू नका, एवढंच त्यांना सांगा.

आणि 'शरीर एकदा शिकलं की शिकलं' हे सूत्र सगळीकडे लागू नाही. त्याच फॉर्मवर धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकल्याची एकत्र लस मागितली असेल. धनुर्वात होऊन वाचलेल्या माणसालाही आम्ही लस देतोच. त्याचं विष इतक्या सूक्ष्म मात्रेत जीव घेतं की शरीराला ते ओळखण्यापुरतंही मिळत नाही. मरणाच्या दारातून परत आलेला माणूस त्या रोगाबद्दल काहीही न शिकता परत आलेला असतो.

शेजाऱ्यांचा सल्ला. ही वाट मला चांगली माहीत आहे, कारण माझ्याही टेबलावर ते पाकीट येऊन गेलंय. वडील ओळखीचे, मुलगा गुणी, विमान आठ दिवसांवर. 'डॉक्टर, तुमच्यासाठी दोन तारखा, आमच्यासाठी पोराचं वर्ष.' मी सही केली नाही आणि ते परत कधी दवाखान्यात आले नाहीत. त्यांना जे सांगितलं तेच तुम्हाला सांगतो. २०२५ मध्ये टेक्सासमध्ये गोवराची मोठी साथ आली, लस न घेतलेली दोन मुलं त्यात गेली. गोवराचा रुग्ण खोलीतून गेल्यावरही दोन तास तिथल्या हवेत विषाणू तरंगत असतो. उद्या लेकीच्या वसतिगृहात एक रुग्ण निघाला तर विद्यापीठ पहिल्यांदा हेच फॉर्म उघडणार. ज्यांच्याकडे पुरावा नाही त्यांना २१ दिवस आवाराबाहेर ठेवतात. खोट्या तारखा लावलेली मुलगी 'सुरक्षित' म्हणून त्याच वर्गात बसून राहील, आणि पहिलीतला तो गोवर नसेलच तर काय होईल ते सांगायला नको. धार्मिक कारण दाखवून सूट मागायचा सल्लाही कोणीतरी देईल. काही राज्यांत ती मिळते, पण साथ आली की सूटवालेच आधी बाहेर जातात.

मग करायचं काय.

एमएमआरसाठी मी रक्ततपासणीच्या फंदात पडणार नाही. अडचण अशी आहे की फॉर्मला तीन उत्तरं हवीत: गोवर, गालगुंड, रुबेला. गोवराची अँटिबॉडी सापडली तरी गालगुंडाची बहुधा सापडणार नाही, कारण ती लस सरकारी कार्यक्रमात कधीच नव्हती. नववीत असताना, नोव्हेंबर २०१८ मध्ये, शाळेत तिला लस दिली होती ती आठवते का? ती गोवर-रुबेलाची, गालगुंड त्यात नाही. शाळेत त्याची तारखेसह नोंद मिळाली तर तो एक डोस गोवर-रुबेलासाठी दाखवून बघा, चालला तर चालला. रक्त तपासायला गेलात तर तीन तपासण्यांचे काही हजार घालवून शेवटी लस घ्यायचीच वेळ येते. अहवालात 'संदिग्ध' आलं तर तेही नाही असंच धरतात. एमएमआर त्या मानाने स्वस्त आहे. आणि एकदा दोन डोसचा कागद हातात आला की पुन्हा तपासून बघायचा मोह टाळा. कागदावरचे दोन डोस तपासणीपेक्षा वरचढ मानले जातात.

दोन डोसांत किमान २८ दिवस लागतात. सत्ताविसाव्या दिवशी घेऊ नका, तिथला कारकून दिवस मोजतो. तेव्हा पहिला डोस याच आठवड्यात, म्हणजे दुसऱ्याला हात मोकळा राहतो. क्षयरोगाची तपासणीही मागितली असेल, भारतातून जाणाऱ्यांकडे बहुतेक ठिकाणी मागतात. ती एमएमआरच्या आधी किंवा त्याच दिवशी उरकून घ्या. एमएमआरनंतर काही आठवडे ती तपासणी चुकीची 'निगेटिव्ह' येऊ शकते, म्हणून मग चार आठवडे थांबावं लागतं. हे कोणी सांगत नाही आणि जुलैच्या शेवटी घरोघरी धावपळ होते. फॉर्मवरची मेंदूज्वराची (मेनिंगोकॉकल) आणि धनुर्वाताची लस निर्जीव आहे, ती कुठल्याही दिवशी चालते.

डॉक्टर बऱ्याचदा कागदावर नुसतं लसीचं दुकानातलं नाव लिहितात. आपल्याकडे पुण्याच्या सीरमची 'ट्रेसिव्हॅक' सर्रास वापरतात. तिथल्या माणसाला ते नाव कळणार नाही, शेजारी 'एमएमआर' लिहून घ्या. नाव पासपोर्टप्रमाणे, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, शिक्का. आणि महिना अक्षरात लिहायला सांगा. आपण आधी दिवस लिहितो, ते आधी महिना. ५ जूनचा डोस ६ मेचा वाचला गेला आणि चार आठवड्यांचं अंतर कागदावर विस्कटलं, असं मी एका मुलाच्या बाबतीत बघितलंय. सेमिस्टरच्या नोंदणीवर त्याच्या नावापुढे 'होल्ड' लागला होता, बिचारा रात्री दोन वाजता मला फोन करत होता.

कांजिण्यांचं मात्र उलटं करा. तिथे लस महाग आहे, एका डोसला दोन हजारांच्या आसपास, आणि लागतात दोन. होऊन गेलेल्या आजाराची खात्री करता येते, फॉर्म ती मान्य करतोय, मग तो हक्क वापरा. यजमानांचंही थोडं समाधान होईल. नेहमीच्या डॉक्टरांकडे लेकीला घेऊन जा, अंगावर कुठे खड्डा राहिलाय का ते त्यांना बघू द्या. त्यांना शंका वाटली तर एकच रक्ततपासणी सांगतील, व्हॅरिसेला आयजीजी. चिठ्ठीवर 'आयजीजी'च आहे ना ते बघून घ्या. 'आयजीएम' चालू आजारासाठी असते, ती इथे निरुपयोगी. तीही नकारात्मक आली तर कांजिण्यांची लस एमएमआरच्या दुसऱ्या डोसबरोबर त्याच दिवशी, दुसऱ्या दंडात देता येते. दिवस चुकवला तर जिवंत लसींमध्ये पुन्हा २८ दिवसांचं अंतर ठेवावं लागेल, आणि तिचा पुढचा डोस मग अमेरिकेत गेल्यावर.

डॉक्टरांकडे जाताना सासूबाईंना बरोबर न्या. फोड आधी छातीपोटावर उठले की हातापायांवर, एकदम आले की रोज नवे येत होते, त्या महिन्यात घरात आणखी कोणाला आले, हे डॉक्टर विचारतील. तुम्ही आणि यजमान तेव्हा नोकरीवर असाल. सात दिवस त्या पोरीच्या उशाशी बसून तिला खाजवू न देणारं माणूस घरात एकच होतं.